दान, शिधा आणि हक्क



महिन्यातून एकदा ज्या दुकानासमोर रांग लागते, त्या दुकानाला तुमच्या घरात काय म्हणतात? पाटीवर 'शासनमान्य रास्त भाव धान्य दुकान' असे लिहिलेले असते. तहसील कचेरीच्या कागदांत ते 'स्वस्त धान्य दुकान' होते. कपाटात जपून ठेवलेल्या पुस्तिकेवर 'शिधापत्रिका' हा शब्द छापलेला असतो. आपण बोलताना 'रेशन' म्हणतो आणि धुळे-जळगावकडच्या खेड्यांत वडीलधारी माणसे अजूनही 'कंट्रोल' म्हणतात : 'कंट्रोलवर गहू आले का?' दुकान एक, तराजू एक, पण नावे मात्र चार-पाच. भाषेच्या अभ्यासकाला अशा ठिकाणी थबकावेच लागते. एका वस्तूला जेव्हा अनेक नावे असतात, तेव्हा त्या वस्तूकडे पाहण्याच्या अनेक दृष्टी समाजात नांदत असतात.

ही नावे जरा उलगडून पाहू. 'कंट्रोल' हा शब्द दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. धान्याची टंचाई होती, भाव भडकले होते आणि सरकारने किंमत व वाटप यांवर नियंत्रण आणले होते. त्या नियंत्रणाचे नावच दुकानाला चिकटले. या शब्दात सरकार दिसते, खाणारा माणूस दिसत नाही. 'रेशन' या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. हिशेब, प्रमाण असा त्याचा अर्थ. शिपायाला रोज मोजून मिळणारे अन्न म्हणजे रेशन. यात माप आहे. 'शिधा' हा आपला जुना, घरगुती शब्द. अतिथीला, याचकाला, ब्राह्मणाला स्वयंपाकासाठी द्यायचे कोरडे धान्य, डाळ, तूप, मीठ म्हणजे शिधा. यात देणाऱ्याचा हात वर आहे आणि घेणाऱ्याचा खाली. 'स्वस्त' या शब्दात बाजार आहे. उरला 'रास्त'. हा शब्द फारसीतून आला. सरळ, खरे, योग्य असा त्याचा अर्थ. या सगळ्या नावांत तोच एक न्यायाच्या जवळ जातो, आणि बोलताना तोच सर्वांत कमी वापरला जातो.

२०१३ साली भारताच्या संसदेने राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम संमत केला. त्यानंतर त्या दुकानात मिळणारे धान्य हा कायद्याने दिलेला हक्क झाला. पण आपल्या बोलण्यातले एकही नाव अजून 'हक्क' म्हणत नाही. कायदा बदलला आणि भाषा मागे राहिली, तर काय होते? या पाठात मला तुमच्याशी त्याविषयी बोलायचे आहे.

माझे माहेर धुळे जिल्ह्यातले, पांझरा नदीच्या खोऱ्यातले. घरात अहिराणी बोलली जाई. आम्ही डोळ्याला 'डोया' म्हणत असू आणि भूक लागली की 'माले भूक लागनी' म्हणत असू. थाळीत दादरची भाकरी असे. खानदेशाबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी सांगते : रब्बी हंगामातल्या, पांढऱ्याशुभ्र, गोड चवीच्या ज्वारीला आमच्याकडे 'दादर' म्हणतात. ज्वारीत उडीद मिसळून दळलेल्या पिठाची ती कळण्याची भाकरी. उन्हाळ्यात गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या वाळत. धान्य मोजायची मापे घरात होती. पण मला सर्वांत जास्त आठवते ते श्रावणातले एक माप. कानबाईच्या सणाला रोट करतात. आमच्या घरी रोटांच्या दळणासाठी गहू मोजताना घरातल्या प्रत्येक पुरुषमाणसाच्या नावाने मूठ घेतली जाई. आजोबांची, वडिलांची, काकांची, पाळण्यातल्या भावाचीसुद्धा. काही घरांत सगळ्यांच्याच नावाने मुठी घेतात. आमच्या घरी तशी रीत नव्हती. रोट मात्र आम्ही सगळेच खात असू. पोट भरत होते आणि तरीही मोजणीत मी नव्हते. 'खायला मिळणे' आणि 'खाणाऱ्यांत मोजले जाणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला शब्दांत सांगता येण्याआधी त्या मुठींनी सांगितले.

याच ठिकाणी २०१३ च्या कायद्यातील एक तरतूद लक्षात घ्या. शिधापत्रिकेसाठी घरातील १८ वर्षांवरील सर्वांत ज्येष्ठ स्त्री ही कुटुंबप्रमुख मानावी, असे हा कायदा सांगतो. कागदावर वरवर किरकोळ वाटणारा हा बदल आहे. पण ज्या घरांत बायका शेवटी जेवतात आणि परातीत उरेल त्यावर भागवतात, तेथे मोजणी बाईच्या नावापासून सुरू व्हावी, यात फार मोठा विचार आहे.

मराठीत मोजणीचे दोन सुंदर शब्द आहेत : 'माणशी' आणि 'घरटी'. कायद्याने हे दोन्ही शब्द वापरात आणले. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला माणशी दरमहा ५ किलो धान्य आणि अंत्योदय योजनेतील कुटुंबाला घरटी ३५ किलो. कायद्यात तांदळाला ३, गव्हाला २ आणि भरडधान्याला १ रुपया असा किलोचा कमाल दर होता. जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य आहे. गर्भवती व स्तनदा मातांना आणि ६ वर्षांपर्यंतच्या बालकांना अंगणवाडीतून आहार, आठवीपर्यंतच्या मुलांना शाळेत दुपारचे जेवण, हेही याच कायद्याचे भाग आहेत. तुमच्यापैकी कितीतरी जणी अंगणवाडी सेविका आहेत, काही जण शाळेत स्वयंपाकाचे काम करतात. तुम्ही ज्या पातेल्यात खिचडी शिजवता, त्या पातेल्यामागे संसदेचा कायदा उभा आहे.

हा कायदा आकाशातून पडलेला नाही. त्याच्या मुळाशी खानदेशाने आणि महाराष्ट्राने सोसलेली भूक आहे. एकोणिसाव्या शतकात, १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि खानदेशच्या काळ्या जमिनीत कापसाची लागवड झपाट्याने वाढली. रेल्वे आली, कापसाचे गठ्ठे मुंबईकडे जाऊ लागले, काही हातांत पैसा खेळू लागला. पण कापूस खाता येत नाही. कापसाचा भाव पडला की शेतकऱ्याकडे ना धान्य, ना धान्य विकत घेण्याचा पैसा. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत मुंबई इलाख्याबरोबर खानदेशही होरपळला. डोंगरकडेच्या भिल्ल वस्त्यांनी तर फार सोसले. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर इंग्रज सरकारने दुष्काळ संहिता तयार केल्या होत्या. खडी फोडा, माती वाहा आणि जगण्यापुरती मजुरी घ्या, असे त्यांचे स्वरूप होते. त्या संहितेत भुकेल्या माणसाची दखल होती, पण तो सरकारच्या लेखी प्रजा होता, हक्कदार नव्हता.

१९७२ च्या दुष्काळात मी जेमतेम चार वर्षांची होते. त्यामुळे त्याच्या माझ्या आठवणी म्हणजे खरे तर आजीच्या आठवणी आहेत. अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी, तिची घशाखाली न उतरणारी भाकरी, कामावर मिळणारी सुकडी, पाझर तलावाची माती, डोक्यावरची घमेली. त्या वेळी राज्यभर दुष्काळी कामे निघाली. मे १९७३ मध्ये जवळजवळ ५० लाख माणसे या कामांवर होती. त्याच सुमारास आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यातही अवर्षण होते आणि तेथे फार मोठी मनुष्यहानी झाली. महाराष्ट्रात पिके बुडाली, गुरे गेली, माणसे हाडाडली. पण मोठ्या प्रमाणावर भूकबळी टळले. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ साली आपल्या 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' या ग्रंथात एक मूलभूत गोष्ट मांडली. दुष्काळात माणसे मरतात ती केवळ धान्य नाही म्हणून नव्हे. अनेकदा धान्य असते, पण ते मिळवण्याची माणसाची हक्कदारी संपलेली असते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास त्यांनी त्यासाठी केला होता. महाराष्ट्राच्या अनुभवाने या विचाराची दुसरी बाजू दाखवली : हातात मजुरी असेल, तर धान्य चालत त्या माणसाकडे येते.

आजीला अर्थशास्त्र ठाऊक नव्हते. पण त्या दुष्काळात मिळालेल्या धान्याला तिने कधीही 'मदत' म्हटले नाही. ती म्हणे, 'कामना दाना', म्हणजे कामाचा दाणा. मिलोला नावे ठेवीत, चेहरा वाकडा करीत ती ती भाकरी खात असे. पण खाली मान घालून खात नसे. दान आणि मोबदला यांतला फरक तिने एका षष्ठीच्या प्रत्ययात ठेवला होता.

याच दुष्काळाच्या काळात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. पागे हे त्या वेळी विधान परिषदेचे सभापती होते. १९७७ च्या कायद्याने आणि २६ जानेवारी १९७९ पासून झालेल्या त्याच्या अंमलबजावणीने ग्रामीण महाराष्ट्रातल्या माणसाला काम मागण्याचा कायदेशीर हक्क मिळाला. या योजनेसाठी १९७५ साली व्यवसाय कर लावण्यात आला. तुमच्यापैकी जे नोकरी करतात, त्यांच्या पगारपत्रकात तो दरमहा कापलेला दिसेल. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून खेड्यातल्या मजुराच्या चुलीपर्यंत जाणारी ती एक बारीक वाट होती. २००५ साली देशभराच्या रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हा त्याच्यापुढे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

आता जगाकडे वळू. १९४८ च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्यातील २५ व्या कलमात पुरेशा राहणीमानाच्या हक्कात अन्नाचा स्पष्ट उल्लेख आहे. १९६६ च्या आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे ११ वे कलम भुकेपासून मुक्त असणे हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क मानते. भारत या करारात १९७९ साली सामील झाला. महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा लागू झाला, तेच हे वर्ष. १९९९ साली संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित समितीने या हक्काचा अर्थ स्पष्ट करताना राज्यसंस्थेची तीन कर्तव्ये सांगितली, आणि ती तीन क्रियापदांत सांगितली, म्हणून मला ती फार आवडतात : आदर करणे, रक्षण करणे, पूर्ती करणे. माणूस स्वतःच्या बळावर अन्न मिळवत असेल, तर त्याच्या आड येऊ नये, हा आदर. दुसरा कोणी आड येत असेल, तर त्याला रोखावे, हे रक्षण. आणि ज्याला कोणत्याही उपायाने अन्न मिळवता येत नाही, त्याला ते पुरवावे, ही पूर्ती. अन्नाचा हक्क म्हणजे सरकारने सगळ्यांना भरवणे नव्हे. माणसाला मानाने आपले पोट भरता यावे, हा त्याचा गाभा आहे.

भारतीय संविधानाच्या ४७ व्या कलमात जनतेचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य म्हटले आहे. पण कर्तव्य आणि हक्क यांच्यात अंतर होते. ते २००१ साली कमी होऊ लागले. त्या वर्षी देशातली सरकारी गोदामे धान्याने ओसंडत होती आणि राजस्थानसह अनेक राज्यांत दुष्काळ होता. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने न्यायालयाने अन्नविषयक योजनांचे लाभ हे हक्क मानले आणि शाळांत शिजवलेले जेवण देण्याचे निर्देश दिले. तेथून १२ वर्षांनी संसदेचा कायदा आला. आपल्या भागातून मुंबईकडे जाणारी गाडी मनमाडला थांबते. भारतीय अन्न महामंडळाची प्रचंड गोदामे तेथे आहेत. ती पाहिली की मला २००१ ची ती याचिका आठवते. गोदाम आणि पोट यांच्यातले अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही.

येथे एक शंका तुमच्या मनात येईल आणि ती यायला हवी. आपल्या जुन्या गावगाड्यात धान्यावर हक्क नव्हता का? होता. खळ्यावर रास पडली की बलुतेदार आपला वाटा घ्यायला येत आणि त्या वाट्याला 'हक्क' असेच म्हणत. पण तो हक्क जन्माने ठरलेल्या कामाला बांधलेला होता. काम नाकारले की वाटा गेला. आणि काही जातींच्या वाट्याला तर खळ्यावरचे धान्य कमी आणि दारोदारची शिळी भाकरी जास्त येई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनाविरुद्ध १९२० च्या दशकापासून लढा दिला, तो या बेडीविरुद्ध होता. दया पवार यांच्या १९७८ मधील आत्मकथनाचे नाव 'बलुतं' आहे, ते उगाच नव्हे. म्हणून नव्या कायद्यातला हक्क जुन्या हक्काहून वेगळा आहे, हे नीट समजून घ्या. तो कोणाची सेवा केली म्हणून मिळत नाही आणि कोणी प्रसन्न झाले म्हणूनही मिळत नाही. त्याला देशाच्या नागरिकत्वाचा आधार आहे. गावातल्या जागेचा, जातीचा नाही.

आता थोडे व्याकरण. आपण म्हणतो, 'मला भूक लागते.' 'मी भूक लागतो' असे म्हणत नाही. भुकेच्या वाक्यात माणूस कर्त्याच्या प्रथमेत येत नाही. तो 'मला' या रूपात येतो. भूक येते आणि त्याला लागते. तहान लागते, थंडी वाजते, भीती वाटते, तशीच भूक. मराठीने या अनुभवांत माणसाला सोसणारा ठरवले आहे. मौज अशी की, 'मला हक्क आहे' या वाक्यातही माणूस त्याच रूपात असतो. भूकही 'मला' आणि हक्कही 'मला'. पण हक्काला आपल्या भाषेत एक क्रियापद जोडले गेले आहे : बजावणे. 'मी हक्क बजावतो.' येथे 'मला'चे 'मी' होते. सोसणारा करणारा होतो. हक्क हा केवळ असून भागत नाही, तो बजावावा लागतो, हे आपल्या वाक्यरचनेलाच ठाऊक आहे.

याउलट कचेरीची भाषा पाहा. 'धान्य वाटप करण्यात येते.' 'लाभार्थ्यांना लाभ देण्यात येईल.' 'नाव कमी झाले.' 'इष्टांक संपला.' या वाक्यांत करणारा कोणीच नाही. नाव कोणी कमी केले? इष्टांक कोणी ठरवला? इष्टांक म्हणजे लाभार्थींची ठरवून दिलेली कमाल संख्या. महाराष्ट्रात ग्रामीण भागातील ७६ टक्क्यांच्या आसपास आणि शहरी भागातील ४५ टक्क्यांच्या आसपास लोकसंख्या या कायद्याखाली येते आणि ती संख्या अजून २०११ च्या जनगणनेवर आधारलेली आहे. त्यानंतर जन्मलेली मुले, सासरी आलेल्या सुना, वेगळी झालेली घरे या मोजणीच्या दाराशी उभी आहेत. 'इष्ट' म्हणजे हवेसे. जो आकडा भरला की भुकेल्या माणसाला परत पाठवले जाते, त्याला 'इष्टांक' म्हणणे ही भाषेची थट्टा आहे. आणि 'लाभार्थी' हा शब्द? लाभाची इच्छा धरणारा. कायद्याच्या मुळात हक्कदारीची कल्पना आहे. पण कचेरीच्या मराठीत तिचा पुन्हा याचक झाला.

काही वर्षांपूर्वी आमच्या अभ्यासकेंद्रात चाळिशीतली एक विद्यार्थिनी होती. कापूस वेचणीचे दिवस सोडले तर संपर्कसत्राला न चुकता येणारी. एका रविवारी ती एक कागद घेऊन माझ्याकडे आली. तिच्या वृद्ध सासूचा अंगठा दुकानातल्या यंत्रावर उमटत नव्हता. आयुष्यभर निंदणी-वेचणी केलेल्या हातांच्या रेषा झिजल्या होत्या. ती घरात एकटीच्या वेगळ्या कार्डावर होती, आणि तीन महिने तिचे धान्य आले नव्हते. 'अंगठा लागत नाही, पुढच्या महिन्यात या,' एवढेच उत्तर मिळत होते. या तीन महिन्यांत सासू सुनेच्या चुलीवर जेवत होती आणि रोज एक भाकरी कमी खात होती. विचारले की म्हणे, 'मला भूक नाही.' मराठी स्वयंपाकघरात याहून जास्त वेळा बोलले गेलेले खोटे नसेल. आपल्या आया, आज्या, सासवा हे वाक्य इतक्या सहज बोलतात की, ऐकणाऱ्याला ते खरे वाटावे.

विद्यार्थिनीने आणलेला कागद म्हणजे अर्जाचा मसुदा होता. त्याची सुरुवात अशी होती : 'मी गरीब निराधार विधवा असून मजवर दया करावी.' आमच्या अभ्यासक्रमात त्या वर्षी व्यावहारिक मराठीत अर्जलेखन होते. मी तिला एवढेच विचारले की, या वाक्यातून तू काय मागते आहेस? ती बराच वेळ गप्प बसली. मग तिने स्वतःच तो कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिले : 'राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ अन्वये मला दरमहा मिळावयाचे धान्य गेले तीन महिने मिळालेले नाही. ते न मिळण्याचे कारण लेखी कळवावे व माझे धान्य मला द्यावे.' 'माझे धान्य मला' या तीन शब्दांत किती अंतर कापले गेले होते, ते तिला आणि मला दोघींनाही कळले.

गोष्ट सुखान्त करण्याचा मोह मी टाळते. अर्ज दिल्यावर दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या पद्धतीने ओळख पटवून पुढच्या महिन्यापासून धान्य सुरू झाले. मागच्या तीन महिन्यांचे मात्र मिळाले नाही. हक्काचे धान्य न मिळाल्यास अन्न सुरक्षा भत्ता देण्याची तरतूद कायद्यात आहे. जिल्हा पातळीवर तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य पातळीवर अन्न आयोग आहे. पण म्हातारीने 'आता मिळतंय ना' म्हणून पुढे जाऊ दिले नाही. त्या तीन महिन्यांच्या भाकऱ्या कोणत्याही नोंदवहीत नाहीत.

अन्नाच्या हक्कात किती किलो हा प्रश्न जसा आहे, तसा कोणते अन्न हाही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या त्या १९९९ च्या विवेचनात अन्न हे त्या त्या समाजाच्या संस्कृतीत स्वीकारार्ह असावे, असेही म्हटले आहे. खानदेशाच्या थाळीत पूर्वी तांदूळ सणावारी येई; रोजची भाकरी ज्वारी-बाजरीची. सातपुड्यातील पावरा आणि भिल्ल कुटुंबांच्या शेतांत ज्वारीबरोबर मोर, बर्टी, भादी यांसारखी बारीक धान्ये असत. दुकानातून गहू-तांदूळ येऊ लागले, शेतात कापूस, मका, केळी वाढली आणि दादरचे क्षेत्र आक्रसत गेले. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, तेव्हा शहरातल्या दुकानांत ज्वारीची बिस्किटे आली. पण दादर पिकवणाऱ्या घरातल्या मुलाच्या थाळीत दादर परत आली का, हा प्रश्न उरतोच. भाषेचेही असेच होते. अहिराणीचे गौरव-सोहळे होतात आणि घरातले मूल अहिराणी बोलेनासे होते. धान्य आणि बोली दोन्ही बियाण्यावर जगतात. गौरवाने बियाणे टिकत नाही, ते रोजच्या वापराने टिकते.

शेवटी आमच्या पांझरेकाठच्या एका जुन्या व्यवस्थेकडे लक्ष वेधते. साक्री-धुळे भागात शेकडो वर्षांची फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड; एका फडात सगळ्यांचे पीक एकच, पाण्याची पाळी ठरलेली, पाटावर देखरेख करणारा पाटकरी गावाने नेमलेला आणि पाट साफ करायला सगळ्यांनी हात लावायचा. पाळी चुकली तर शेतकरी 'दया करा' म्हणत नसे. 'माझी पाळी आहे' म्हणत असे. आणि शेजाऱ्याची पाळी चुकली तरी तो बोलत असे, कारण उद्या आपली चुकू शकते, हे त्याला ठाऊक होते. ही व्यवस्था आता बऱ्याच ठिकाणी मोडकळीस आली आहे आणि तीही जमीनधारकांपुरतीच होती, हे विसरता कामा नये. तरी हक्क कसा चालतो, हे तिच्यातून शिकता येते. हक्क सर्वांना माहीत असावा लागतो, त्याचे माप ठरलेले असावे लागते आणि तो चुकला तर बोलणारी माणसे एकाहून अधिक असावी लागतात. अन्न सुरक्षा कायद्यात प्रत्येक दुकानासाठी दक्षता समिती सांगितली आहे, सामाजिक अंकेक्षण सांगितले आहे, त्यामागचा विचार हाच आहे.

तुम्ही नोकरी, शेती, संसार सांभाळून शिकणारी प्रौढ माणसे आहात. वाचता येणे ही तुमच्या वाडीत, गल्लीत आजही एक ताकद आहे. म्हणून या पाठावरचा स्वाध्याय मी थोडा वेगळा देते. आपल्या परिसरात धान्याच्या दुकानासाठी, कार्डासाठी आणि तेथे मिळणाऱ्या धान्यासाठी वापरले जाणारे सर्व शब्द बोलीतील उच्चारांसह टिपा. बोलणाऱ्याचे वय शेजारी लिहा. दुकानात हक्काचे प्रमाण, दर व साठा दाखवणारा फलक आहे का, ते पाहा. असल्यास तो वाचा आणि ज्याला वाचता येत नाही अशा एका तरी माणसाला वाचून दाखवा. मग त्या माणसाला विचारा, 'तुमचे किती?' उत्तरात तो 'मिळतं तेवढं' म्हणतो की 'माणशी पाच किलो' म्हणतो, ते जसेच्या तसे लिहून आणा. पुढच्या संपर्कसत्रात आपण त्या वाक्यांचे व्याकरण पाहणार आहोत.